कागदाचे झुमके आणि पंख्यांचं मखर: जुलै ते सप्टेंबर २०२५

घर डोंबिवलीत, तिसरा मजला, हॉलची पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात ओल धरते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे बिघडलं त्यातलं निम्मं या ओलीमुळे बिघडलं. करायचं होतं ते दोन भागांत: गौरीच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या २१ जणींना वाण म्हणून क्विलिंगचे (कागदाच्या बारीक पट्ट्या गुंडाळून केलेले) झुमके, आणि गणपतीमागे कागदी पंख्यांचं मखर. राज्यात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आम्ही दर वर्षी साड्यांचा पडदा लावतोय. लेकीला त्याचा कंटाळा आला होता, मलाही.

५ जुलै, शनिवार

सकाळी नऊची लोकल पकडून मस्जिद बंदर, तिथून चालत अब्दुल रहमान स्ट्रीट. क्विलिंगच्या ३ मिलिमीटरच्या पट्ट्यांची पाच पाकिटं (प्रत्येकी ४५ रु., शंभर पट्ट्या), ५ मिलिमीटरची दोन (१०० रु.), घुमटाचा प्लास्टिकचा साचा ७० रु., पट्टी गुंडाळायची खाचेची सुई ३० रु. मग भुलेश्वरला कानातल्यांचे हुक, पिना, रिंगा (१८० रु.) आणि मोती (१२० रु.). एकूण ७२५.

पहिली चूक तिथेच केली. हुक सर्वांत स्वस्त घेतले. दुकानदाराने दोन डबे समोर ठेवले होते, मी चकाकी बघितली.

६ जुलै, रविवार

आषाढी. साबुदाण्याची खिचडी झाल्यावर बसले. एका झुमक्याच्या घुमटाला किती पट्ट्या लागतात ते करूनच कळतं. माझी पट्टी साधारण ५३ सेंटीमीटर. सहा पट्ट्या टोकाला टोक चिकटवून घट्ट गुंडाळल्या की जवळपास अडीच सेंटीमीटरची चकती होते. कानाला चिकटणाऱ्या वरच्या गोलाला दोन. म्हणजे एका जोडाला १६ पट्ट्या, एका पाकिटात सहा जोड. २१ जणी आणि तीन जादा असे २४ जोड धरले तर ३८४ पट्ट्या. पाचशे आणल्यात, शंभर वाया घालवायला मोकळीक आहे असं वाटलं. ती पुरेपूर वापरली.

आज चार चकत्या. तीन तास गेले. आई (सासूबाई) दोनदा डोकावून गेल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "अगं, एवढ्या वेळात शंभर वाती वळून झाल्या असत्या."

१२ जुलै, शनिवार

घुमट. चकती साच्यावर ठेवून बोटांनी खाली दाबत जायची, की वेढे एकमेकांवरून सरकतात आणि वाटी तयार होते. ऐकायला सोपं. पहिलीचा मधला भाग सुटून जिलबीसारखा लोंबायला लागला. दुसरीही तशीच. कारण सरळ आहे: पट्टी ३ मिलिमीटर रुंद, प्रत्येक वेढा शेजारच्याला तेवढ्याच उंचीत धरून असतो. जास्त खोल दाबलं की पकडच उरत नाही. खोल घंटेसारखा झुमका हवा असेल तर ५ मिलिमीटरची पट्टी घ्या. ३ ची हवी असेल तर उथळ वाटीवर समाधान माना. मी उथळ वाटीवर आले. दिसतेही बरी.

दाबताना मधून सुरुवात, आणि चकती साच्यावर सतत फिरवत राहायची. एका जागी दाबली की वाकडी होते आणि सरळ होत नाही.

आतून फेविकॉल. मी पाणी घालून पातळ केला, म्हणजे सगळ्या फटींत जाईल. गेला. कागद भिजला, वेढे सैल झाले आणि रात्रभरात घुमट बसला. रविवारी संध्याकाळपर्यंतही आतून ओलाच होता. पाणी घालू नका. बोटावर थोडासा घट्ट फेविकॉल घेऊन आतून चोळा, तेवढं पुरतं.

१३ जुलै, रविवार

एका जोडातले दोन घुमट लहानमोठे. दोन्हींना सहा-सहाच पट्ट्या. तासभर डोकं खाजवलं तेव्हा दिसलं की एक लाल आहे, एक हिरवा (लेकीची आयडिया, एका कानात एक रंग). लाल पट्ट्यांचा कागद हिरव्यापेक्षा जाड आहे, बोटांना लगेच कळतं. पट्ट्या मोजून माप येत नाही. लेकीच्या कंपासपेटीत गोल काढायची भोकांची पट्टी होती, आता चकती त्यातल्या २५ मिलिमीटरच्या भोकात बसवून बघते आणि मग शेवटची पट्टी तोडते.

१९ जुलै, शनिवार

आज वॉर्निशची परीक्षा. पाच नापास घुमट घेतले, प्रत्येकाला वेगळा लेप.

एक, काहीच नाही. दोन, फेविकॉल आणि पाणी. तीन, पारदर्शक नेलपॉलिश. चार, हार्डवेअरच्या दुकानातलं साधं क्लिअर वॉर्निश, टर्पेंटाइन घालून पातळ (दोन्ही मिळून १६० रु.). पाच, पाण्यात मिसळणारं क्राफ्ट वॉर्निश, शेजारच्या काकूंकडून उसनं.

वर्तमानपत्रावर ठेवून झोपले.

२० जुलै, रविवार

सगळे वर्तमानपत्राला चिकटले. चार नंबरच्या कडेला क्रिकेटच्या बातमीची अर्धी ओळ उलटी उमटली आहे.

निकाल असा. फेविकॉलवाल्याच्या रेषा बुजल्या आणि आजच्या दमट हवेत तो हाताला चिकचिकतो. नेलपॉलिशने लाल रंग सोडला, शेजारची पांढरी पट्टी गुलाबी झाली. हिरव्यावर मात्र ठीक. पाण्याचं वॉर्निश लावल्यावर घुमट फुगला. क्लिअर वॉर्निशला सुकायला पूर्ण दिवस लागला, पण टणक झाला. नखाने टिचकी मारली की टक्क वाजतो. नळाखाली धरला, पाणी घरंगळून गेलं. दोष एकच, पांढऱ्या पट्टीवर पिवळट झाक येते. म्हणून पांढरी पट्टी यादीतून बाद, पांढरं हवं तिथे मोती.

सुकवायला काय? घुमट टूथपिकवर टोचून उभा करायचा, पण टूथपिक कशात रोवायची? सगळे थर्माकोल सांगतात. घरात दुधी होता. अर्धा दुधी आडवा ठेवून त्यात दोन डझन टूथपिका. वरून बघितलं तर साळिंदर. उरलेल्या अर्ध्याची भाजी झाली, त्यामुळे दुधी खर्चात धरलेला नाही.

वॉर्निश लावताना खिडकी उघडी ठेवा. लेकीला दुसऱ्या खोलीत पाठवलं होतं.

२६ जुलै, शनिवार

जोडणी. पीन घुमटाच्या मध्यातून वर काढायची. मी वॉर्निश सुकल्यावर दाभणाने भोक पाडायला गेले आणि तीन घुमट तडकले, तीन आठवड्यांची मेहनत तीन मिनिटांत. खरं म्हणजे भोक पाडायची गरजच नव्हती. खाचेच्या सुईवर गुंडाळलं की मधे आपोआप बारीक भोक राहतं, मीच ते फेविकॉलने बुजवत होते. आता आतून लेप देताना मधे टूथपिक ठेवते.

दुसरी अडचण: पिनेचं डोकं त्या भोकातून आरपार जातं. आतल्या बाजूने आधी एक मोती ओवायचा, तो अडसर होतो, शिवाय खाली लोलकासारखा दिसतो.

रिंग उघडताना दोन्ही टोकं बाहेर ओढू नका, गोलाई जाते आणि परत जुळत नाही. एक टोक पुढे, एक मागे, दाराच्या बिजागरीसारखं. मी नवऱ्याची पक्कड वापरली, तिच्या दात्यांनी सोनेरी मुलामा खरवडला. गुळगुळीत तोंडाची लहान पक्कड हवी. पक्कडीच्या जबड्यांना चिकटपट्टी गुंडाळून काम भागवलं.

२७ जुलै, रविवार

लेकीला मणी करायचे होते. जुन्या कालनिर्णयच्या पानांचे लांब त्रिकोण कापले, पाया दोन सेंटीमीटर, लांबी पान पुरेल तेवढी. विणायच्या सुईवर रुंद बाजूकडून गुंडाळत जायचं, टोक मधोमध येईल असं. मणी पोटात फुगीर आणि टोकांना निमुळता होतो, बोरमाळेसारखा. कागद पातळ, तारखांचा लाल-काळा रंग मण्यावर छान फिरतो.

चिकटवायला तिने आजीकडून मैद्याची खळ करून घेतली. आई म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी वह्या बांधणारे खळीत मोरचूद घालायचे, म्हणजे कीड लागत नाही. मोरचूद विषारी, घरात नऊ वर्षांची मुलगी, तेव्हा नको म्हटलं. नुसत्या मैद्याची खळ. ६० मणी झाले.

एका मण्यावर नेमकं 'एकादशी' आलं. आई म्हणाल्या, हा गळ्यात घालायचा नाही. तो बाजूला काढून देव्हाऱ्यात ठेवला आहे. त्याचं तिथे काय करायचं हे कुणालाच माहीत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

मण्यांवर बुरशी. डब्याचं झाकण लावून ठेवले होते, पूर्ण सुकायच्या आधी. ६० पैकी ४४ फेकले. लेक रडली. आता फेविकॉल, आणि झाकण दोन दिवसांनी. एकादशीचा मणी देव्हाऱ्यात उघड्यावर होता, तो शाबूत.

आईंचं म्हणणं, देवाने राखला. माझं म्हणणं, हवा लागली. वाद नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. नणंद आली होती, तिला पहिला पूर्ण जोड दिला. लाल-मोहरी, खाली मोती. कानात घालून आरशापुढे तीनदा मान हलवली. "वजनच नाही गं!" हीच या झुमक्यांची खरी जमेची बाजू.

रात्री तिचा फोन. कान लाल झालेत, खाज येतेय. स्वस्त हुक. अशा मुलाम्याच्या हुकांत निकेल असतं आणि कितीतरी जणींना ते सोसत नाही. वाण म्हणून २१ जणींना खाज वाटण्यापेक्षा नवे हुक बरे. स्टेनलेस स्टीलचे मागवले, २१० रु. आधीचे टाकून दिले. झालेल्या नऊ जोडांचे हुक बदलायला एक अख्खी संध्याकाळ.

१० ऑगस्ट, रविवार

आता पंखे. कागदाची पट्टी एकाआड एक उलटसुलट घड्या घालून मुडपायची आणि गोलात पसरायची. स्टेशनजवळून रंगीत ए-फोर कागद आणले, १८० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं वजन १८० ग्रॅम), ५० पानं २५० रु. जाड म्हणजे टिकाऊ, असा माझा हिशेब.

पान उभं कापून साडेदहा सेंटीमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या. दोन पट्ट्या जोडून गोल करायला गेले तर बसेचना, मधोमध फाटलं. शाळेतलं गणित: त्रिज्या साडेदहा तर परीघ ६६ सेंटीमीटर, आणि दोन पट्ट्या मिळून ५९. घड्या पूर्ण उलगडल्या तरी वर्तुळ पुरं होत नाही. घड्या उभ्या राहायला परिघाच्या निदान सव्वापट लांबी लागते. म्हणजे तीन पट्ट्या.

घड्या मोजायच्या नाहीत. पट्टी चार वेळा अर्ध्यात दुमडली की सोळा भाग होतात. ते उलगडून उलटसुलट करून घ्यायचे.

तीन पट्ट्या जोडल्या, प्रत्येक सांध्याला एक भाग दुसऱ्यावर चिकटवला. शेवटचा सांधा आला तर दोन्हीकडे डोंगर (वर आलेली घडी). दरी हवी तिथे डोंगर. उलगडून पुन्हा केलं, पुन्हा तेच. मोठे पंखे सहा पट्ट्यांचे, ते मात्र बिनबोभाट जुळतात. मला वाटलं माझीच घडी चुकते. लेकीने कागदावर मोजलं: सोळातला एक सांध्यात जातो, उरले १५. पंधरा त्रिक ४५. विषम! डोंगर-दरीची जोडी लागायला सम आकडा हवा. सहा पट्ट्यांचे ९०, म्हणून ते जुळत होते. लहान पंख्यात शेवटच्या पट्टीचा एक भाग कापून टाकायचा, ४४ होतात. चौथीतल्या मुलीला हे सुचलं, मी कॉमर्सची पदवीधर.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी झेंडावंदन, मग दिवसभर घड्या.

लहान आणि मोठ्या पंख्यांच्या घड्यांवर कागद तडकतोय, रंगाखालून पांढरा दिसतो. मधल्या आकाराच्या पंख्यात मात्र एकही तडा नाही. कागद तोच, हात तोच. फरक कापण्यात. मधल्या पंख्यासाठी मी पान आडवं कापते, त्यामुळे घडी पानाच्या लांबीच्या दिशेने पडते. यंत्रावरच्या कागदात तंतू एका दिशेने जास्त लोळलेले असतात, ए-फोरमध्ये बहुधा लांबीकडे. तंतूंच्या बाजूने घडी मऊ पडते, आडवी घातली की तंतू मोडतात. बघायचं असेल तर कपटा एका बाजूने ओला करा: तो गुंडाळला जातो ती नळी तंतूंच्या दिशेची. (पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद लेकीच्या शाळेच्या प्रदर्शनातून आणलेला एक ताव घरात होता. हातकागदात असा एकतर्फी कल नसतो. घड्या दोन्हीकडे सारख्याच. पण मखरभर तो आणणं खिशाला परवडलं नसतं.)

उपाय: १२० जीएसएमचा कागद, १०० पानं ३०० रु., आणि घडीच्या जागी आधी बोथट विणायच्या सुईने पट्टीला धरून रेघ ओढून घ्यायची. १८० चा उरलेला कागद पंख्यामागच्या गोल चकत्यांना कामी आला.

पंखा पसरला की मधोमध उसळून वर येतो. दोन्ही बाजूंनी चकती, ग्लू गनचा गोंद, आणि गार होईपर्यंत वर पाण्याने भरलेला तांब्या. हात दुखेपर्यंत बोटाने दाबून बसायची गरज नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

काल गोपाळकाला, आज ३४ पंखे पुरे: लहान १८, मधले ११, मोठे ५. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून चार बाय पाच फुटांचा फळा केला, त्यावर सगळे चिकटवले. फोटो काढला, नणंदेला पाठवला, तिने टाळ्या पाठवल्या. भिंतीला टेकवून ठेवला. कुठल्या भिंतीला ते ओळखा.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस थांबलेला नाही. शाळेला सुट्टी, लोकल अडकलेल्या, नवरा ऑफिसातच राहिला. दुपारी बघितलं तर फळा धनुष्यासारखा वाकलेला, खालचे पंखे मेणासारखे मऊ पडून घड्या पसरल्या आहेत, आणि पुठ्ठ्याच्या खालच्या चार इंचांत ओल चढली आहे. सात पंखे गळून जमिनीवर. ग्लू गनचा गोंद कागदाला धरून होता. दमट पुठ्ठ्याचा वरचा पदरच सोलून त्याच्यासोबत आला.

झुमक्यांचा डबा उघडला. वॉर्निशवाले ठणठणीत. वॉर्निशविना ठेवलेले अकरा घुमट सैल, दोन पूर्ण बसलेले.

आठ दिवसांवर गणपती. आज काहीच केलं नाही. भजी केली.

२० ऑगस्ट, बुधवार

आईंनी विचारलं, "पावसात पापड कसे वाळवायचो आम्ही?" मला वाटलं टोमणा आहे. टोमणा नव्हता. माळ्यावरची पत्र्याची मोठी पेटी काढायला लावली, कडेला ४० वॉटचा पिवळा बल्ब (२० रु., तिसऱ्या दुकानात मिळाला, आता सगळीकडे एलईडी), झाकण दोन बोटं उघडं. मधे चपात्या गार करायची जाळी, जाळीवर घुमट. बल्बपासून वीतभर अंतर. चार तासांत घुमट कडक, पुन्हा साच्यावर घेऊन आकार दिला तर राहिला.

सावधगिरी दोन. ताजं वॉर्निश लावलेलं काहीही या पेटीत ठेवायचं नाही, टर्पेंटाइनच्या वाफा आणि तापलेला बल्ब यांची गाठ नको. आणि घरात कुणी नसताना बल्ब बंद.

त्याआधी मी हेअर ड्रायर वापरून पाहिला होता, तेही लिहिते. वरचा फेविकॉल सुकून कातडं धरतो, आत ओल तशीच, आणि कागद एका बाजूने आक्रसतो. दोन घुमट त्यात गेले.

पंखेही सोडवून पाळीपाळीने पेटीत. गंमत म्हणजे घड्यांच्या रेघा शाबूत होत्या, वाळल्यावर मिटून रात्रभर पाट्याखाली दाबले की पंखा पुन्हा ताठ. ३४ पैकी ३० वाचले. जुलैत पहिल्या दिवशी ही पेटी लावली असती तर माझे निदान चार शनिवार वाचले असते.

२३ ऑगस्ट, शनिवार

पुठ्ठा बाद. बांबूच्या सहा काठ्या (१२० रु.), सुतळीने चौकट बांधली, उभ्या सुतळ्या ताणल्या, पंखे मागच्या चकतीतून दोऱ्याने सुतळीला बांधले. मागून हवा खेळते. एखादा पडला तर तेवढाच बदलायचा. चौकट भिंतीपासून अर्धा फूट पुढे, पडद्याच्या दांडीला टांगलेली. भिंतीला दुहेरी चिकटपट्टी लावायचा प्रयोग केला होता. पट्टी निघाली, सोबत रंगाचा तळहाताएवढा पोपडा. तो आता पंख्यामागे आहे. आईंना अजून दिसलेला नाही.

बूट-चपलांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिकाच्या पुड्या सगळ्या शेजाऱ्यांकडून गोळा केल्या. त्यांनीही ओल आधीच पिऊन ठेवलेली असते, तशाच टाकून उपयोग नाही. दाणे पुडीतून काढून जुन्या तव्यावर मंद आचेवर परतले, सुती फडक्यात बांधून झुमक्यांच्या डब्यात ठेवले. (पहिली पुडी न फोडता तव्यावर ठेवली. प्लास्टिक होतं. तो तवा आता याच कामाचा.)

२४ ऑगस्ट, रविवार

२४ जोड पूर्ण. पहिल्या जोडाला मोजून तीन तास लागले होते, शेवटचे पन्नास मिनिटांत होत होते.

झुमक्यांचा हिशेब: ७२५ + वॉर्निश-टर्पेंटाइन १६० + नवे हुक २१० + बल्ब २० = १,११५ रु. म्हणजे जोडामागे साधारण ४६ रु. मखर: कागद ५५०, गोंदाच्या कांड्या ८०, बांबू १२०, एलईडीची माळ १५० = ९०० रु. दोन्ही मिळून २,०१५. लोकलचा पास आणि माझा वेळ यात नाही. वेळ धरला तर हे झुमके कुणी विकत घेणार नाही, त्यामुळे "ऑर्डर घे ना" म्हणणाऱ्यांना मी हसून चहा देते.

गौरीसाठी ठुशी आणि बाजूबंद करायचं ठरवलं होतं. आई ठुशीला ठाम नाही म्हणाल्या. गळ्यात पुतळ्यांची माळ आणि बोरमाळच, त्या त्यांच्या सासूबाईंच्या. मी म्हटलं, एक ग्रॅमचं चालतं, मग कागद का नाही? म्हणाल्या, "ते सोन्यासारखं दिसतं. हे कागदासारखं दिसतं." याला उत्तर नव्हतं. बाजूबंद मात्र चालतील, कारण गेल्या वर्षीच्यांना गंज चढलाय. चार बाजूबंद, मोहरी आणि लाल, मधे मोती. जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर, मागे साटीनची नाडी. घट्ट गुंडाळ्या सपाटच असतात, घुमटाची भानगड नाही, एका रात्रीत झाले.

२६ ऑगस्ट, मंगळवार

हरतालिका. मखर उभं केलं. समई मखरापासून तीन फूट पुढे, एका बाजूला. निरांजन आणि कापूर फक्त आरतीच्या वेळी, तेही ताटात आणि मोठ्या माणसाच्या हातात. पंखा (छताचा) आरतीत बंद. कागदाचं मखर करणाऱ्याने हे आधी ठरवावं, रंग नंतर. मागून एलईडीची माळ, ती तापत नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

बाप्पा बसले. दोन लहान पंखे पडले होते, गुरुजी यायच्या आधी बांधले.

१ सप्टेंबर, सोमवार

काल गौरी आल्या, आज पूजन, संध्याकाळी हळदीकुंकू. २१ जणींना बोलावलं, २३ आल्या. तीन जादा केले होते ते किती बरं झालं.

झुमके चुरमुऱ्यांच्या खोक्यात भरून, वर सिलिकाची पुरचुंडी लपवून ठेवले होते. कुणाला कुठला रंग यावरून थोडी ओढाताण झाली. मोहरी-लाल संपले, निळा-हिरवा एक उरला. एका काकूंनी लगेच घातले, एकीने नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि वॉर्निशचा येतोय म्हणाली. खरं आहे. निदान दहा दिवस उघड्या हवेत ठेवायला हवेत, माझे शेवटचे सहा जोड आठच दिवसांचे होते.

गौरींच्या दंडावर बाजूबंद. फोटोत ओळखूही येत नाही कागदाचे आहेत ते. आईंनी हे तीन जणींना आपणहून सांगितलं.

७ सप्टेंबर, रविवार

आतापर्यंतच्या तक्रारी: तीन जोड परत आले. दोघींच्या रिंगा नीट मिटलेल्या नव्हत्या, मोती पडला. एकीने झुमके घालूनच डोक्यावरून आंघोळ केली. घुमट टिकला, पण आतल्या कडेला जिथे माझा वॉर्निशचा हात पोचला नव्हता तिथे दोन वेढे सुटले. पहिला लेप आतून द्यायचा, बाहेरचा दुसरा. मी उलट करत होते.

मखराचे पंखे मिटून, रबर न लावता (रबराने घड्या दबतात) कागदी फितीने बांधून पेटीत. बल्ब काढून ठेवला.

बाजूबंद मी झुमक्यांच्या डब्यात ठेवायला निघाले होते. आईंनी मागून घेतले. गौरींच्या ट्रंकेत, मुखवट्यांच्या शेजारी, कालनिर्णयच्या जुलैच्या पानात गुंडाळून ठेवले. मग म्हणाल्या, "ती तुझी तव्यावरची पुडी एक दे."